ज्यांची पाकिटं परत आली नाहीत

बीड, १२ जानेवारी २०२५

अबरार भाई, सलाम.

शाईस्ता आपाच्या खोलीचं दार सताड उघडं आहे आणि आपा आत नाही. दोन माणसं भिंतींना चुना मारतायत. तिची गादी अंगणात अर्धवट जळून पडलीय. हे मी काल बघून आले.

तू माझा नंबर बंद करून टाकलास म्हणून कागदावर लिहिते. तुझ्या दम्मामच्या वर्कशॉपचा पत्ता फरीदा भाभीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी लई मागं लागले होते. उर्दू लिहायला तुलाही येत नाही, मलाही नाही. झेडपीच्या शाळेतले आपण, तेव्हा हे मराठीतच.

मी आष्टीकडं का गेले ते आधी सांगते. मी इथं ज्या संस्थेत काम करते तिनं गेल्या वर्षी एक पाहणी हाती घेतली. दवाखान्यांत राबणाऱ्यांची स्वतःची तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचं. नर्स, लॅबवाले, शिपाई, आशाताई, सगळ्यांना टपालानं प्रश्नांचे कागद पाठवले. सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. खोकला आहे का, वजन उतरलं का, कामावरून काही आजार लागला का. निम्म्याहून थोडी जास्त पाकिटं परत आली. बाकीच्यांना आठवणीचं पत्र पाठवलं, मग आणखी एक.

ज्यांची पाकिटं आली नाहीत त्यांत आष्टी तालुक्यातल्या लॅबमधल्या आपल्या आपाचं नाव होतं. खरं सांगू? मी हसले. जिनं दोन वर्षं माझा फोन उचलला नाही ती माझ्या कागदाला काय जवाब देणार! आमचे मुख्य भगवानराव म्हणाले, "सोडून द्या. टपालाच्या पाहणीत एवढी उत्तरं म्हणजे लई झाली. जे आले नाहीत तेही आलेल्यांसारखेच असतात." मीही सोडलं होतं. आष्टीत दुसरं काम निघालं म्हणून वाकडी वाट करून तिच्या गावी गेले, एवढंच.

घरमालकीण साखराबाई उंबऱ्याच्या आतूनच बोलली. मला वर ये म्हणाली नाही.

"तुमी कोन?"

"धाकटी बहीण. बीडहून आले."

"आत्ता आलात व्हय? ती दोन दिस वट्ट्यावर पडून होती. म्हनलं, घरचं कुनी आसंल तर सांग, बोलावून घेते. तर म्हनली, कुनी न्हाई."

"कुनी न्हाई म्हणाली?"

"आसंच म्हनली. मग दवाखान्याची गाडी आली अन् घेऊन गेली. आता मला काय इचारू नका. माजी नातवंडं हायत घरात."

भाई, अम्मी गेली तेव्हा तू नववीत होतास, मी चौथीत. आपल्याला हातानं घास भरवून जिनं मोठं केलं ती म्हणते, मला कुणी नाही.

तिला काय झालंय ते साखराबाईनं नंतर दाराआडून सांगितलं. मी इथं लिहीत नाही. तुला जाणून घ्यायचं असेल तर फोन चालू कर आणि विचार.

लुबना


बीड, २९ जानेवारी

भाई,

तू विचारलं नाहीस. तरी लिहिते. एकटीला हे झेपत नाही.

आपाला टीबी आहे. नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही तसला. लांबच्या शहरात या आजाराचा दवाखाना आहे, तिथं तिला ठेवलंय. मी परवा जाऊन आले.

वॉर्डात शिरले आणि मला ती ओळखू आली नाही. मी तिच्या खाटेपुढून पुढं निघून गेले. मागून आवाज आला, "लुबना, मास्क वर घे." वळले तर चादरीखाली कुणी आहे की नाही कळू नये इतकी ती वाळली होती. मी धावले तर हात उचलून म्हणाली, "दूर बैठ. खिडकीपाशी."

खिडकीपाशी बसले. मग मीच विचारलं, "कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली असतील."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? बेडके तपासायला मीच तिथं."

मग तिनं सगळं सांगितलं. तुला तिचं काम ठाऊक आहे. लोकांचा बेडका काचेवर पसरायचा, रंग द्यायचा, दुर्बिणीखाली बघायचा. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की टीबी. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं स्वतःचा बेडका काचेवर घेतला. नाव घातलं नाही. डोळा लावला आणि लाल काड्या दिसल्या. म्हणाली, "लुबना, एवढ्या वर्षांत इतक्या स्पष्ट मी कुणाच्याच बघितल्या नव्हत्या." काच पुसली, जाळली, हात धुतले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

कंत्राटी नोकरी. कळलं की टेबल दुसऱ्याला. घरमालकीण बाहेर काढणार ते वेगळंच. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरकडून चोरून गोळ्या आणायची. खोकला थांबला तशा तिनं त्या अर्ध्यातच सोडल्या. लोकांना जे करू नका म्हणून ती रोज दटावायची तेच तिनं केलं. मग हा परत आला तो असा होऊन.

आता पुढचं तू नीट वाच. तुझ्या लेकीचं नाव ठेवलं त्या अकीक्याला आपा आली होती, आठवतं ना? अंगणातच उभी राहिली. ओढणी नाकातोंडावर घट्ट. भाभीनं बाळ पुढं केलं तर दोन पावलं मागं सरली, आणि जेवण न करता निघून गेली. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हिला आमची खुशी देखवत न्हाई. आजपासून ही मला मेली." मी तिची बाजू घेतली म्हणून मीही मेले.

तो दिवस त्या काचेनंतरचा आहे, भाई.

मी तिला विचारलं, "तेव्हा तरी सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "बाळाला बघितल्याबिगर राहवलं न्हाई म्हणून आले. अन् आल्यावर कळलं, यायला नको होतं."

यापलीकडं मला तिथं बसवेना. उठले, तेवढ्यात सिस्टर गोळ्या घेऊन आली आणि एकेकीचं नाव घेऊन हाक मारू लागली. शाईस्ता. मंजुळाबाई. शिवकन्या. मी जागीच थांबले. ही नावं मला पाठ होती. मंजुळाबाई गेवराईकडची आशाताई, शिवकन्या उमापूरची नर्स. दोघींना मी तीन-तीन पत्रं पाठवली होती. दोघींचीही पाकिटं आली नव्हती.

आपाच्या शेजारच्या दोन खाटांवर माझी न आलेली उत्तरं पडली होती.

शिवकन्या तरुण आहे, हसरी आहे. मी कोण ते कळल्यावर उठून बसली. "तुमचं पाकीट आलतं ताई. नाव लिहू नका म्हनता, अन् कोपऱ्यात नंबर टाकता. मी कावून पाठवू?"

तो नंबर कुणाला आठवणीचं पत्र पाठवायचं ते कळावं म्हणून मीच टाकला होता.

लुबना


बीड, २४ फेब्रुवारी

भाई,

आपाची भूक परतलीय. नव्या गोळ्या लागू पडतायत असं डॉक्टर म्हणाले. एवढी एकच चांगली बातमी, म्हणून वर लिहिली.

दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भगवानरावांपुढं उभी राहिले. अहवाल छापायला निघालेला. त्यात एक वाक्य होतं: जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत टीबी क्वचितच आढळतो, त्यामुळं त्यांची नियमित छाती तपासणी करण्याची निकड दिसत नाही. हे वाक्य वरच्या, आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेलं की तपासणीचा विषयच संपला.

मी म्हणाले, "साहेब, हे वाक्य खोटं आहे."

"आकडे आपल्याच पाकिटांतले आहेत, लुबना."

"परत आलेल्या पाकिटांतले. जी धडधाकट आहे ती चहा पिता पिता कागद भरून टाकते. जिला खोकला आहे ती कागद बघून घाबरते. मग आपल्याकडं धडधाकटच येणार की. आपण त्यांनाच मोजलं आणि म्हणालो, सगळे बरे आहेत."

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही, हे तुला सांगायला हवं. हळू आवाजात म्हणाले, "तुमची बहीण आजारी आहे. तुमचं दुःख मला कळतं. पण एका घरच्या दुःखावर जिल्ह्याचा अहवाल बदलत नसतो."

ते मला लागलं, आणि पटलंही. एकाच वॉर्डात तिघी भेटल्या हा योगायोगही असू शकतो. म्हणून मी म्हणाले, मला रजा द्या, मी न आलेल्यांच्या दारात जाते. ते म्हणाले, रजा कशाला, संस्थेचं काम म्हणून जा.

गेले. एसटीनं, रिक्षानं, कुठं पायी. सगळेच आजारी निघाले असं नाही, खोटं लिहीत नाही. एकीची बदली झाली होती. एका शिपायानं आमच्या पाकिटात लेकराचे दाखले जपून ठेवले होते, मला दाखवून हसला. एक जण म्हणाला, "कागद वाचलाच न्हाई, लई बारीक अक्षर हाय." पण दर दोन-चार दारांनंतर एक दार अर्धंच उघडायचं. आतून खोकला. किंवा घरची माणसं म्हणायची, "ती झोपलीय." आधी पाणी, मग इकडचं तिकडचं, आणि उठता उठता माणूस म्हणायचं, "ताई, कुठं लिहू नका, पण..."

त्या "पण"च्या पुढचं ऐकून ऐकून मी सुन्न झालेय. बीडमध्येच, आपल्या मोंढ्याच्या बाजारामागं, एक वॉर्डबॉय दोन वर्षं कोठारात वेगळा झोपतो. बायकोला सांगितलंय, मला घोरण्याचा त्रास आहे. पाटोद्याकडच्या एका नर्सच्या घरी गेले तर तिच्या सासूनं दार उघडलं. नर्स दिवाळीतच गेली होती. कशानं ते सासूनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझी तिन्ही पत्रं फडताळात होती. म्हातारी म्हणाली, "सरकारी वाटली म्हनून फेकली न्हाईत."

मेलेल्या बाईला मी आठवण करून देत होते, भाई. "आपले उत्तर अद्याप मिळाले नाही."

भगवानरावांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवालातलं ते वाक्य पुन्हा काढून वाचलं. मग म्हणाले, "वाक्य थांबवतो. पण वरच्या ऑफिसच्या मॅडम विचारतील, ही माणसं कोण? एक तरी पुढं यायला हवं."

कोण येणार? मी आपाला विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

लुबना


बीड, १९ मे

अबरार भाई,

आपा घरी आहे. तिचा बेडका सलग स्वच्छ आला, कुणाला लागण्याची आता भीती नाही. गोळ्या अजून काही आठवडे. मी तिला इथं, आपल्याच घरी आणलं. ती अम्मीच्या खोलीत झोपते. हे तुला आधी का कळवलं नाही? तू चिडशील म्हणून. घरात तुझाही हिस्सा आहे.

काल वरच्या ऑफिसच्या मॅडमसमोर अहवालाची बैठक झाली. बोलायचं ते शिवकन्यानं, असं ठरलं होतं. तीही बरी होऊन आलीय. तिनं मला चार वेळा सांगितलं होतं, "ताई, मी बोलते, तुमी बघाच." उमापूरहून सकाळीच आली, नवी साडी नेसून, आणि तिसऱ्या रांगेत बसली. आपा माझ्यासोबत आली ती घरात एकटीला बसवत नाही म्हणून. मागं, दारापाशी खुर्ची घेऊन बसली.

भगवानरावांनी सगळं मांडलं. आलेली उत्तरं काय सांगतात आणि दारात गेल्यावर काय दिसलं. वरच्या ऑफिसच्या मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इतके लोक आजारी होते, तर एकानंही तक्रार का केली नाही? नावं नाहीत, अर्ज नाहीत. मी कशाच्या आधारावर वर बोलू?"

भगवानरावांनी माझ्याकडं बघितलं. मी शिवकन्याकडं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती खाली बघत होती. मला वाटलं, संपलं.

मागून खुर्ची वाजली.

"मॅडम, मी शाईस्ता. आष्टी तालुक्यात आठेक वर्षं बेडके तपासले."

सगळ्यांनी माना वळवल्या. मी जागेवरून उठले, तिला खाली बसवायला. खरंच, माझ्या मनात तेच आलं. तिनं मला हातानंच थांबवलं.

"तो प्रश्नांचा कागद मला आलता. 'तुम्हाला कधी टीबी झाला आहे का?' त्या ओळीवर मी पेन टेकवला होता. हो लिहिलं तर दुसऱ्या दिवशी माझं टेबल गेलं असतं. न्हाई लिहिलं तर खोटं झालं असतं. म्हणून काहीच लिहिलं न्हाई. तुम्ही विचारता तक्रार का न्हाई केली. हेच कारण, मॅडम."

आणि भाई, मग जे झालं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. तिच्या जवळच्या खुर्च्या सरकल्या. एक नर्सच होती, तिनं पदर नाकाला लावला. दोघं जण उठून भिंतीकडं गेले. ही सगळी दवाखान्यातली माणसं! रोज टीबीच्या गोळ्या वाटणारी! आपाभोवती मोकळी जागा पडली आणि ती मधोमध उभी.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी तपासून आलेय. तुम्ही मात्र तपासलेलं न्हाई."

भगवानराव व्यासपीठावरून उतरले, सगळ्यांच्या मधून चालत मागं गेले आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर जाऊन बसले. बैठक संपेपर्यंत तिथंच बसले.

ते वाक्य अहवालातून गेलं. आष्टी आणि गेवराई तालुक्यांतल्या केंद्रांपासून कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू होणार, उत्तर न दिलेल्यांच्या घरी माणूस जाणार, आणि ज्याला टीबी निघाला त्याचं नाव केंद्रात कळणार नाही, असं मॅडमनी लिहून घेतलं. आपाचं टेबल मात्र मार्चमध्येच दुसऱ्याला दिलंय. "दुसरीकडं बघू" म्हणाल्या. आपा नुसतं "जी" म्हणाली.

बाहेर रसवंतीपाशी शिवकन्या रडत होती. "ताई, पायच उठले न्हाईत वं."

आपानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मेरे भी नहीं उठते थे. आज उठ गए." मग आम्ही तिघी रस प्यायलो. आपानं दोन ग्लास घेतले.

तुझ्यासाठी तिनं काही निरोप दिलेला नाही. मी मागितलाही नाही.

लुबना


बीड, ८ जून

भाई,

काल ईदच्या दिवशी तुझा फोन आला. माझ्या फोनवर तुझं नाव बघून मला पहिल्यांदा वाटलं, तिकडं काही बरंवाईट झालं. तू फक्त एवढंच म्हणालास, "आपाला दे." मी दिला.

"लुबनाची सगळी पत्रं मिळाली होती, एकेक करून वाचली, जवाब लिहायला बसायचो आणि उठायचो," हे तू आपाला सांगत होतास ते मला शेजारी बसून ऐकू येत होतं. आणखी बरंच ऐकू आलं. तुझा आवाज मोठा आहे, पहिल्यापासून.

तू बोलत राहिलास आणि इकडून आपाचा एक शब्द तुला ऐकू आला नाही. मधेच तू दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणालास. शेवटी "बरं, ठेवतो मग" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझा आवाज पार उतरला होता. ती माफ करत नाही, असं समजून तू ठेवलास. मला माहीत आहे. नंतर मी तीनदा लावला, तू उचलला नाहीस.

म्हणून हे तातडीनं लिहिते. तुझा दीड-दोन हजार मैलांवरून चुकीचा हिशेब होऊ नये. मी तिच्यासमोर बसले होते. तुला जे दिसलं नाही ते मला दिसलं.

तू "आपा, माझं चुकलं" म्हणालास तेव्हा तिनं ओढणी तोंडात कोंबली. लेक आता शब्द जोडून बोलते म्हणालास तेव्हा ती रडता रडता हसली. पुढच्या रजेत तिला घेऊन येतो, तुझ्या मांडीवर देतो म्हणालास तेव्हा तिनं मांडीवरची शेवयांची वाटी उचलून खाली ठेवली आणि दुपट्टा सारखा केला, जणू तू दारातच उभा आहेस. आणि तू विचारलंस ना, "आपा, ऐकतेस का?"

ती मान हलवत होती, भाई. फोन कानाला घट्ट धरून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. हो. हो. हो.

लुबना